नाकोबांचं नवं नाक

मी मिस्त्रींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका चालू गाडीच्या मागे गुडघे टेकून, डोळे मिटून बसले होते. धूर सोडणारी नळी त्यांच्या तोंडापासून जेमतेम वीतभर लांब. मी शाळेतून घरी निघाले होते, काखेत तपासायच्या वह्या. मला वाटलं, माणसाला घेरी आली. धावत जाऊन म्हटलं, "अहो, काय होतंय? पाणी आणू का?"

त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. वर्गात मुलांना गप्प करायला मी करते, अगदी तसंच.

"बोलू नका, बाई. वास निसटेल."

मग दोनदा हुंगलं, उठून गाडीचं पुढचं झाकण उघडलं, आतला एक स्क्रू केसभर फिरवला आणि परत मागे येऊन गुडघे टेकले. या वेळी चेहरा असा खुलला, की जणू कुणी फुलांची ओंजळ पुढे धरली आहे. मी अजून तिथेच उभी आहे हे पाहून म्हणाले, "जाड होतं. पातळ केलं."

"आणि मी शाळेतली बाई आहे हे डोळे मिटून कसं कळलं?"

"खडू," ते म्हणाले. "खडूला वास असतो, बाई. तुम्हाला सवय झालीय म्हणून येत नाही."

घरी आल्यावर मी हात नाकाशी धरून पाहिले. मला काही आला नाही. पण आमची जुनी गाडी त्या महिन्यापासून त्यांच्याकडे जाऊ लागली आणि मी त्यांना ‘मिस्त्री’ म्हणू लागले. बाकी सगळी गल्ली त्यांना पाठीमागे ‘नाकोबा’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटर नावाचं एक भांडं करतं. पेट्रोल जास्त झालं तर मिस्त्रींच्या भाषेत ते ‘जाड’, हवा जास्त झाली तर ‘पातळ’. जाड मिश्रणाने गाडी काळा धूर ओकते, पातळ मिश्रणाने इंजिन आतून भाजतं. या दोन टोकांमधली जागा मिस्त्री नाकाने शोधायचे. नव्या गाड्यांना त्यांची गरज नव्हती. पण जुन्या गाड्यांवर जीव असलेली माणसं लांबून येत आणि तासन् तास बसून राहत. मिस्त्री कुणाची खुशामत करत नसत. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा स्वभावच.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकच तक्रार करायच्या. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत. त्या गुडघ्यांना एक हिरवं मलम चोळत, आणि ते लावलं की मिस्त्री खुर्ची उचलून थेट अंगणात. "दिवसभर धूर हुंगणारा माणूस," वहिनी म्हणत, "आणि माझ्या मलमाला नाक मुरडतो! सायलेन्सरशी लग्न करायचं होतंत."

पुढे मी निवृत्त झाले. मिस्त्रींचे केस पांढरे झाले. एका वर्षी त्यांना सर्दीतापाने चांगलंच लोळवलं. बरे होऊन कामाला लागले, आणि एकदा सकाळी आमची गाडी बघायला घरी आले. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, चहाचं आधण ठेवलं, वर्तमानपत्र हातात दिलं, तेवढ्यात दारात शेजारीण आली. तिच्याशी बोलण्यात मी जरा रमले. परत आत आले तर दारातच गॅसचा भपकारा. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच फुसफुसत होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. आणि मग वळून पाहिलं.

मिस्त्री शेगडीकडे पाठ करून, तिच्यापासून हातभर अंतरावर, शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. उघड्या खिडक्यांकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं.

"गॅस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. गृहपाठ न केलेलं मूल जसं बाकावरची रेघ बोटाने गिरवत बसतं, तसं बराच वेळ ते त्या घडीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"सर्दी गेली, बाई," शेवटी म्हणाले. "जाताना वास घेऊन गेली. वाटलं, येईल परत. नाही आला. कुणाला बोलू नका. हिलासुद्धा माहीत नाही."

"आणि गाड्या?"

"कानाने करतोय. प्लगचा रंग बघतो. बाकी..." त्यांनी घडी बाजूला सारली. "बाकी मागे बसून डोळे मिटतो. लोक बघत असतात ना."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतकं हळू उच्चारलं, की मला त्यांच्याकडे बघवेना. न येणारा वास घेतल्याचं नाटक ते रोज, भर रस्त्यात, गुडघे टेकून करत होते.

उपाय त्यांनीच शोधला होता. धुराच्या नळीत बसवायचा एक ऑक्सिजन सेन्सर मिळतो. धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो ओळखतो, आणि त्यावरून मिश्रण जाड की पातळ ते कळतं. त्यातला साधा प्रकार फक्त इकडे की तिकडे एवढंच सांगतो. ‘वाइडबँड’ नावाचा प्रकार एका भाग पेट्रोलला किती भाग हवा पडली, ते आकड्यात सांगतो; आकडा लहान तेवढं मिश्रण जाड. मी म्हटलं, "म्हणजे पहिला नुसतं पास-नापास सांगतो आणि दुसरा गुण सांगतो."

"हां! तेच," मिस्त्री म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा थोडे हसले.

नुसता सेन्सर मात्र पुरत नाही. त्याला तापवणारा, त्याचं म्हणणं ऐकून डायलवर आकडा दाखवणारा एक छोटा डबा लागतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. कुठला घ्यावा, यावर आमच्या स्वयंपाकघरात खल झाला. माहितीपत्रकांवरची अक्षरं मुंग्यांसारखी. मिस्त्रींचा चष्मा त्यांना पुरेना, म्हणून मी वाचायची. दुकानदाराला त्यांनी सांगितलं होतं, ‘एका गिऱ्हाईकाला हवंय.’ घरी सांगितलं होतं, ‘बाईंची गाडी त्रास देतेय.’ आमची बिचारी गाडी तेव्हा कधी नव्हे इतकी बरी चालत होती.

शेवटी दोन उरले. एकाचा सेन्सर कारखान्यातूनच जुळवून येत होता. लावा आणि चालू करा. दुसऱ्याचा आपण जुळवायचा. नळीत बसवण्याआधी सेन्सर मोकळ्या हवेत टांगायचा, तापू द्यायचा आणि बटण दाबायचं. म्हणजे तो ‘ही स्वच्छ हवा’ असं मनाशी धरतो आणि पुढचं सगळं त्या मापाने मोजतो.

"पहिला सोपा दिसतोय," मी म्हटलं.

"सोपा आहे म्हणूनच नको." मिस्त्रींचं नाक, कामाचं राहिलं नसलं तरी, वर झालं. "जे मी माझ्या हाताने जुळवलं नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवू? उद्या तो म्हणेल चौदा, तर मी मान हलवायची? मी मिस्त्री आहे, बाई, हमाल नाही."

मी दुसऱ्याचं पत्रक पुढे वाचलं. ‘सेन्सर स्वच्छ, मोकळ्या हवेतच जुळवावा. आसपास धूर किंवा पेट्रोलची वाफ नसावी.’

ते खळखळून हसले. "आता स्वच्छ हवा म्हणजे काय, हे मला शिकवणार हे लोक?"

मीही हसले. नाकोबांना हवेबद्दल शिकवायचं म्हणजे जरा गंमतच होती.

यंत्र पहिल्यांदा बसवायला गाडी निवडली ती मेहुण्याची. वहिनींचा हा धाकटा भाऊ भाड्याची गाडी चालवायचा. गाडी जुनी, पण आरशासारखी पुसलेली. मेहुणा बडबड्या, हौशी आणि भावोजींवर आंधळा विश्वास ठेवणारा. प्रश्न न विचारणारं गिऱ्हाईक हवं होतं. ते घरातच मिळालं.

काम त्यांनी फार निगुतीने केलं. मी आमच्या गाडीच्या निमित्ताने जाऊन पाहिलं. इंजिनातून निघणाऱ्या नळीला वरच्या अंगाने, थोडं तिरपं भोक पाडलं. खालच्या अंगाने नाही, नाहीतर नळीत साचणारं पाणी सेन्सरवर पडून तो तडकतो. भोकावर आट्यांचं लोखंडी कडं वेल्डिंगने बसवलं. वायरी नळीच्या तापापासून लांबून, पट्ट्यांनी बांधत आत नेल्या. कंट्रोलरचा डबा मात्र त्यांनी पार आत, पायाच्या वर, कुणाला दिसणार नाही अशा जागी लपवला. डायल तेवढी लपवता येईना.

मेहुण्याला ती डायल केवढी आवडली! गाडी अंगणात आणून त्याने वहिनींना हाक मारली. "ताई, बघ, विमान झालं माझं! भावोजी, पंख कधी लावताय?"

"आधी रस्त्यावर नीट चालव," मिस्त्री म्हणाले. "हा आकडा बघ. साध्या रस्त्यावर चौदा-पंधराच्या आसपास राहील, चढावर बारा-तेरा. समजलं?"

"आणि तुमचं नाक?"

"नाकाला सुट्टी दिली," मिस्त्री म्हणाले, आणि लगेच वाकून पाना शोधू लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

डायल चढावर जाड दाखवत होती. मिस्त्रींनी कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बदलून मिश्रण पातळ केलं. अजून जाड. अजून पातळ केलं. शेवटी आकडा जागेवर आला, आणि मेहुणा शिट्टी वाजवत गेला.

तो परत आला तो दुसऱ्या गाडीला दोराने बांधून. भरलेली गाडी घेऊन लांबच्या चढावर निघाला होता. इंजिनात खडखड सुरू झाली, मग ताकद गेली, मग धूर. कोपऱ्यावरच्या चहावाल्यापाशी नेहमीची मंडळी उभी होती, मीही दूध घेऊन परतत होते. मेहुणा घामाघूम होऊन सांगत होता, "आकडा बरोबर होता, भावोजी! शप्पत! मी सारखा बघत होतो."

मिस्त्रींनी इंजिनावर हात ठेवला, काढला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. नाकोबा आता काय म्हणतात. आणि नाकोबा म्हणाले, "आकडा बघत होतास की रस्ता? चढावर गाडी अशी ताणतात? इंजिन आहे ते, बैल नाही."

मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, "मीटरबघ्या!" आणि ते नाव तिथल्या तिथे चिकटलं. मेहुण्याने मान खाली घातली. "चुकलं, भावोजी," तो म्हणाला. "तुम्ही एवढं मन लावून केलं होतं. मी वाट लावली."

मिस्त्रींनी गाडी गॅरेजात ढकलत नेली.

त्यांनी इंजिन खोललं. एका पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं होतं आणि प्लग चुन्यासारखे पांढरे झाले होते. हे ताणल्याने होत नाही. मिश्रण पातळ असलं की होतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण डायल तर बरोबर सांगत होती. ते पांढरे प्लग ओळीने मांडून समोर बसून राहिले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. तेव्हा वहिनी दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंतीला धरत धरत, घरामागच्या गॅरेजात आल्या. एरवी त्या तिकडे फिरकत नसत. दारातच त्यांनी नाकावर हात ठेवला.

"शी! अहो, केवढा हा पेट्रोलचा वास! डोळ्यांना पाणी आलं. माणसाने श्वास कसा घ्यायचा इथे?"

मिस्त्रींनी बाकाखाली पाहिलं. तिथे सुटे भाग धुवायचं पसरट भांडं होतं, पेट्रोलने भरलेलं, उघडं. बाजूला ओल्या चिंध्या. ते कायम तिथेच असायचं. पूर्वी वाफ जास्त झाली की नाक सांगायचं आणि ते दारं उघडायचे. आता नाक सांगत नव्हतं, आणि दारं उघडायची असतात हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्याच बाकाच्या वर, खिळ्याला टांगून, त्यांनी सेन्सर जुळवला होता. तापून लाल होणारं ते टोक, आणि खाली पेट्रोल. आग लागली नाही हेच नशीब. सेन्सर मात्र त्या वाफेलाच स्वच्छ हवा समजून बसला आणि पुढे चढावरचं प्रत्येक मिश्रण होतं त्याहून जाड सांगत राहिला.

हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी, आमच्या त्याच स्वयंपाकघरात सांगितलं. खुर्ची या वेळी त्यांनी शेगडीकडे तोंड करून ठेवली होती.

"नाक गेलं म्हणून यंत्र आणलं, बाई," ते म्हणाले. "आणि यंत्राला पहिला धडा दिला तो त्याच गेलेल्या नाकाने."

"मेहुण्याला सांगितलंत?"

"तो रोज येतोय. हाताखाली काम करतो, नट पुसून देतो. मला म्हणतो, ‘भावोजी, पुढच्या वेळी मी डोळे रस्त्यावरच ठेवीन.’" त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "काल चहावाल्याने त्याला सगळ्यांसमोर ‘काय मीटरबघ्या’ म्हटलं. मी शेजारीच होतो. मी चहा पीत राहिलो."

"मग सांगून टाका की."

"सांगितलं तर नाक कापलं जाईल, बाई." आणि मग स्वतःच कसनुसं हसले. "आहे कुठे म्हणा. नसलेलं नाक, ते तरी किती जपायचं."

जाताना दारात थांबून म्हणाले, "रविवारी जेवायला या. मेहुणा असणार आहे. तुम्ही काही बोलू नका. नुसत्या बसा."

पालकांना शाळेत बोलावलं की काही मुलं असंच म्हणायची: बाई, तुम्ही नुसत्या थांबा. मी गेले.

ताटं वाढली. मेहुणा गाडीत कुणी कुणी काय काय विसरून जातं त्याच्या गोष्टी रंगवून सांगत होता. वहिनी पोट धरून हसत होत्या. मिस्त्री जेवत नव्हते. घासाचा चेंडू करून ताटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला नेत होते. मध्येच, एका गोष्टीच्या ऐन भरात, ते म्हणाले, "तुझी चूक नव्हती."

"काय, भावोजी?"

"इंजिन. तू ताणलं नव्हतंस. मिश्रण पातळ झालं होतं." त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. "मीटर... मीटरच खराब निघालं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बोलायचं नाही असं ठरलं होतं. बघायचं नाही असं काही ठरलं नव्हतं.

मेहुणा ताडकन सरळ बसला. "बघा! मी म्हणत नव्हतो? भावोजी, उद्याच जाऊ त्या दुकानदाराकडे. असला माल गळ्यात मारतो? सगळ्यांसमोर जाब विचारतो त्याला. मला नावं ठेवली लोकांनी, आता त्याला ठेवू देत!"

"जाऊ दे रे."

"का जाऊ दे? तुमची अब्रू गेली असती! नाही, उद्याच. ताई, तू सांग यांना."

"बरोबर बोलतोय तो," वहिनी म्हणाल्या. "सरळ माणूस बघून फसवतात. नाकासमोर चालणारा म्हणून—"

"पुरे!" मिस्त्री म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. "मीटर चांगलं आहे. नाक खराब आहे."

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. सर्दी, गाड्यांमागे डोळे मिटून बसणं, टांगलेला सेन्सर, बाकाखालचं भांडं. सगळं ताटाकडे बघत सांगितलं. प्लगचे रंगसुद्धा सांगितले, कुणी विचारले नव्हते तरी.

पहिल्या बोलल्या त्या वहिनी.

"म्हणजे वर्षभर तुम्ही माझ्या मलमाला नाक मुरडलं नाहीत..."

मिस्त्री ताटातला घास पुन्हा गोळा करू लागले.

"मी जगाला सांगत सुटले. म्हातारपणी माझ्यावर माया आली म्हणून." त्या हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "अहो, मला सांगायचं होतंत. रोज मी विचारायची, वासावरून मीठ बरोबर आहे का ओळखा, आणि तुम्ही झकास म्हणायचात."

मेहुणा हसला नाही. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग म्हणाला, "नाक गेलं ते आजारपण, भावोजी. त्याला कोण हसतंय? हवा जुळवताना चुकलात, तीही चूक. होते. गाडी माझी होती, मी काही बोललो नसतो." त्याने मान वर केली. "पण चहावाल्यापाशी मला मीटरबघ्या केलंत. तिथे खरं बोलायला नाक लागत नव्हतं. तोंड होतं ना?"

मला इतक्या वर्षांत कितीतरी मुलांचे शरमलेले चेहरे पाहायची सवय आहे. पण मुलांचं बरं असतं, ती रडून मोकळी होतात. मिस्त्री नुसते बसून राहिले, उजवा हात ताटात तसाच, सुकत चाललेला.

मेहुण्याने ताट स्वच्छ केलं, हात धुतला, चपला घातल्या. "जातो," म्हणाला.

"येतो म्हणावं रे," वहिनी सवयीने म्हणाल्या.

तो तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चहावाल्यापाशी गेले. मी तिथे नव्हते. चहावाल्यानेच मला सांगितलं. मिस्त्रींनी चहा घेतला नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "त्या दिवशी इंजिन माझ्यामुळे गेलं. माझं नाक कामातून गेलंय, खूप दिवस झाले. मेहुण्याला कुणी मीटरबघ्या म्हणायचं नाही." एकजण गमतीने म्हणाला, "मग आता तुम्हाला काय म्हणायचं, नाकोबा?" त्यावर मिस्त्री म्हणाले, "तेच म्हणा," आणि निघून गेले. चहावाल्याचं म्हणणं, त्यांना रस्ता ओलांडायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

काही गिऱ्हाइकं तुटली. काही राहिली. मेहुण्याचं इंजिन मिस्त्रींनी मन लावून नव्यासारखं करून दिलं. तो गाडी घ्यायला आला तेव्हा त्याने डायल काढून टाकायला सांगितली. त्यांनी ती काढली, कड्यात बूच बसवलं. दोघांत याहून जास्त बोलणं झालं नाही. वहिनी मधल्या दारात, हातात दोन कप घेऊन उभ्या होत्या. एक तसाच परत गेला.

ते यंत्र आता मिस्त्रींकडेच असतं. कुठलीही गाडी आली की धुराच्या नळीच्या तोंडाशी सेन्सर धरतात आणि आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवतात. गुडघे टेकून बसत नाहीत, डोळे मिटत नाहीत. सेन्सर जुळवायचा असला की तो गॅरेजामागच्या मोकळ्या जागेत नेऊन टांगतात आणि वहिनींना हाक मारतात. त्या हळूहळू येतात, नाक वर करून दीर्घ श्वास घेतात. "धुराचा नाही. पेट्रोलचा नाही," म्हणतात. "माझ्या मलमाचा येतोय थोडा." मग त्या चार पावलं लांब जातात आणि मिस्त्री बटण दाबतात.

मेहुणा बरेच रविवार आला नाही. आता येतो. जेवतो, गोष्टी सांगतो, निघताना ‘येतो’ म्हणतो. गाडी मात्र तो दुसऱ्या मिस्त्रीला दाखवतो.